चौघांतला मधला

मोठी चादर पिळायची तर माणसं दोन लागतात. एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं वन्संच्या. त्या एका बाजूला पीळ देत होत्या, मी उलट्या बाजूला, आणि मधून पाण्याची धार बादलीत पडत होती. निम्मी चादर पिळून झाली होती. आठवड्यातून एक दिवस त्यांना सुट्टी असते, त्या दिवशी अशी जड धुणी आम्ही दोघी मिळून उरकतो.

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. एका दैनिकाच्या फोटो विभागात आहेत, बावीस वर्षं झाली. सुट्टीच्या दिवशी त्या स्वतःच्याच पेपराला हात लावत नाहीत. "शिंप्याला सुट्टीत सुई दाखवू नये," म्हणतात. मी मात्र सकाळी देवापुढून उठले की पहिला पेपर उघडते. त्या दिवशीही उघडला होता, आणि जे पाहिलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडेना.

"त्या ट्रकवाल्याचा फोटो आलाय आज," मी म्हटलं. "शाळेतल्या दोन मुली गेल्या, तीन मोठी माणसं गेली, आणि हा मेला कसा उभा आहे बघा. शर्टभर रक्त, डोळ्यांत टिपूस नाही. मी तर आत्ता देवाला म्हटलं, असल्यांना इथल्या इथे दाखव."

"शर्टभर रक्त?" वन्सं म्हणाल्या.

"हो ना. तो मधला."

"मधला म्हणजे?"

"अहो, फोटोतला मधला. खाली लिहिलंय की, डावीकडून दुसरा."

त्यांचा पीळ थांबला. माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "चौघांत मधला कुठून येईल, वहिनी?"

"चौघं कुठायत? तिघंच तर आहेत."

त्यांनी टोक सोडलं. ओल्या चादरीचं वजन एकटीच्या हातात राहीना, ती फरशीवर मोरीच्या कडेला पडली. वन्सं तशाच ओल्या हातांनी आत गेल्या. मी मागोमाग गेले तेव्हा त्या टेबलापाशी उभ्या होत्या, पेपर समोर पसरलेला, आणि बोटाने त्या तीन माणसांची डोकी मोजत होत्या. एक, दोन, तीन. परत एक, दोन, तीन. कागद त्यांच्या बोटाखाली भिजून फाटला.

झालं होतं ते असं. मूळ फोटोत चौघं होते. पोलीस चौकीच्या पायऱ्या, डावीकडून पहिला एक शिपाई, दुसरा ट्रकचा ड्रायव्हर, तिसरा एक कुलूपवाला, चौथे फौजदार. ड्रायव्हर ट्रक टाकून पळाला होता, आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून बसलेला घरी सापडला. कुलूपवाल्याची टपरी अपघात झाला त्याच नाक्यावर. चाकाखालून त्या मुलींना त्याने ओढून काढलं, टेम्पोत घातलं, आणि मग जबाब द्यायला चौकीत आला. शर्टावरचं रक्त त्या मुलींचं होतं.

फोटो काढणाऱ्याने चौघं बघून ओळ लिहिली होती: डावीकडून दुसरा, अटक झालेला ड्रायव्हर. फोटोखाली जी ओळ असते तिला त्यांच्याकडे फोटोओळ म्हणतात. ओळ बरोबर होती. पण शिपायाने पाठ फिरवली होती, मान खाजवत होता, आणि पानावर जागा अरुंद होती. वन्संनी शिपायाला कापलं. चौघांचे तिघं झाले, दुसरा होता तो पहिला झाला आणि तिसरा होता तो दुसरा. ओळ जिथल्या तिथे राहिली.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते मी लहानपणापासून ऐकत आले. असं दोन बोटांच्या रुंदीत होतं हे माहीत नव्हतं.

त्या दिवशीची माझ्या वहीत एवढीच नोंद आहे: चादर पुन्हा धुतली, एकटीने.

वन्संबद्दल सांगायचं तर त्या या घरात परत आल्या तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या. नवऱ्याने दुसरीकडे संसार मांडला होता. एक ट्रंक आणि एक छत्री घेऊन दारात उभ्या राहिल्या, ह्यांना म्हणाल्या, "दादा, मी राहायला आलेय. कुणी विचारलं तर सांग, हिचंच चुकलं. म्हणजे विचारणं लवकर थांबेल." मी तेव्हा घरात नवीन होते. मला वाटलं, आता आयुष्यभर ह्या रडणार आणि मी समजूत घालणार. तसलं काही झालं नाही. महिन्याभरात त्या एका फोटो स्टुडिओत अंधाऱ्या खोलीत कामाला लागल्या. हाताला औषधाचा वास येई, कितीही साबण लावला तरी. मग दैनिकात लागल्या, मग ती अंधारी खोली गेली आणि कॉम्प्युटर आला. त्या म्हणायच्या, "खोली उजेडाची झाली, काम तेच."

काम म्हणजे काय, ते मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. फोटो त्या काढत नाहीत. फोटोग्राफर बाहेर जातात, शेकड्यांनी फोटो पाठवतात, आणि त्यातला कुठला छापायचा ते वन्सं ठरवतात. नको ते कापतात, अंधार असेल तर उजळतात, ओळ तपासतात, आणि सगळं तारखेवार लायब्ररीत ठेवतात. लायब्ररी म्हणजे फोटोंची. वीस वर्षांपूर्वीचा पूर कुणी मागितला तरी पाच मिनिटांत काढून देतात. ऑफिसात त्यांना कात्रीबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, त्यांनाही आवडतं.

घरीही ते शिक्षण चालूच. पुतणीच्या लग्नाचा अल्बम आला तर सगळे साड्या बघत होते आणि वन्सं म्हणाल्या, "मामांना कोपरात कापलंय. सांध्यावर कात्री चालवायची नसते. मनगट, गुडघा, मान, तिथे कापलं की माणूस लुळा दिसतो." मामा शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "लुळा तर लुळा, जेवायला कधी वाढताय?" माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवरही त्यांच्या चिठ्ठ्या: साखर, भरल्याची तारीख, वरची फळी. एकदा हे ओरडले, "उद्या माझ्या कपाळावर चिकटवशील." वन्सं म्हणाल्या, "तुझ्या कपाळावर काय लिहू? भरल्याची तारीख की रिकामं झाल्याची?"

पण एक गोष्ट मला खटकायची. ऑफिसातून आल्या की त्या आधी हात धूत, कोपरापर्यंत. मी हसायचे, "कॉम्प्युटरचे काय डाग पडतात?" एकदा त्या म्हणाल्या, "तुला पेपरात एक फोटो दिसतो, वहिनी. तो एक तुला बघवेल असा निवडायला मी दोनशे बघते." त्यानंतर मी हसले नाही. साबणाची वडी मात्र मोठी आणायला लागले.

त्या ट्रकच्या दिवशी दोनशे तेरा होते. त्यांनी सगळे पाहिले. हा चौकीच्या पायऱ्यांवरचा शेवटचा होता. फोटो कापला की स्क्रीनवर बोट ठेवून डोकी मोजायची आणि ओळीशी ताडून बघायची, ही त्यांची बावीस वर्षांची सवय. त्या दिवशी मोजली नाहीत. का, तर त्यांना लवकर उठून हात धुवायचे होते. मी खोदून विचारलं तेव्हा एवढंच सांगितलं. दुसरं कारण नाही.

पेपर फाटल्यावर त्यांनी पहिला फोन ऑफिसात केला. सकाळचे साडेनऊ. फोन पहारेकऱ्याने उचलला. पानं लावणारे बाराला येतात, कॉम्प्युटरवरचा पेपर बघणारा अकराला. संपादक साहेबांचा फोन वाजत राहिला. दुसरा फोन त्यांनी शिडीला केला. शिडी म्हणजे तो फोटो काढणारा. गर्दीच्या डोक्यांवरून फोटो घेता यावा म्हणून तो पन्नाशीतही एक घडीची शिडी खांद्यावर घेऊन हिंडतो, म्हणून हे नाव.

"शिडी, त्या कुलूपवाल्याकडे जा. आत्ता. टपरी उघडू नको म्हणावं."

तो पलीकडून काय म्हणाला ते मला ऐकू आलं, इतका मोठ्याने बोलत होता. "बाई, मी चौघांची ओळ लिहिली होती! तुम्ही तिघं छापलेत!"

"ते नंतर. आधी जा."

तो गेला. पाऊण तास उशीर झाला. पेपरातला फोटो लोकांनी आपापल्या फोनमधून एकमेकांना सकाळी आठपासून पाठवला होता. शिडी पोचला तेव्हा टपरीभोवती शंभर माणसं होती. त्याने नंतर आमच्या पडवीत बसून सांगितलं. पाण्याचा पेला हातात होता, प्यायला नाही.

"मी शिडी उघडून वर चढलो, ताई. ओरडलो, हा तो नव्हे, हा तो नव्हे! तर पुढचे लोक बाजूला झाले."

"मग?" मी म्हटलं.

"त्यांना वाटलं मी फोटो काढायला चढलोय. मला नीट दिसावं म्हणून बाजूला झाले."

लोकांच्या मारानंतर कुलूपवाला इस्पितळात अकरा दिवस होता. त्यातले नऊ दिवस वन्सं संध्याकाळी तिथे जात. दोनदा मी बरोबर होते. आत जायच्या नाहीत. कॉरिडॉरमध्ये पाण्याच्या नळाशी एक बाक होता, तिथे बसायच्या, दार उघडलं की मान वर करायच्या. मी जपमाळ ओढत बसायचे. एकदा त्याची बायको नळावर बाटली भरायला आली. तिने आमच्याकडे पाहिलं, वाटलं असेल आमचंही कुणी आत आहे. म्हणाली, "तुमचं पेशंट कसं आहे?" मीच म्हटलं, "देवाच्या हातात." ती म्हणाली, "आमचंही," आणि बाटली घेऊन गेली.

दुरुस्ती दुसऱ्या दिवशीच छापून आली होती. आतल्या पानावर, कोपऱ्यात, चार ओळी: कालच्या अंकात अनवधानाने. बैल गेला आणि झोपा केला, आणि झोपाही एवढा की मुंगी मावेल.

बाराव्या दिवशी सकाळी शिडीचा फोन आला, कुलूपवाला गेल्याचा. मी तेव्हा देवापुढेच होते. उठून आले तर वन्संनी फोन ठेवून दिला होता आणि भिंतीकडे बघत होत्या. माझ्या मनात जे आलं ते मी बोलून गेले, न बोलते तर बरं. "मीच म्हणाले होते वन्सं, इथल्या इथे दाखव. माझंच ऐकलं की काय त्याने."

"देवाला मधे ओढू नकोस, वहिनी," त्या म्हणाल्या. "त्याने काही कापलं नाही."

त्या आठवड्यात साहेबांनी त्यांना बोलावलं. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी आम्हाला अक्षर न् अक्षर सांगितलं. फोटोओळी लिहायची सवय, त्यामुळे बोललेलं त्या विसरत नाहीत.

"कात्रीबाई, ओळ चुकीची कुणी लिहिली?" साहेबांनी विचारलं.

"ओळ बरोबर होती. फोटो मी कापला."

"ते तुम्ही म्हणता. नोंद काय म्हणते?"

"नोंदही तेच म्हणते. लायब्ररीत ओरिजिनल आहे, चौघांचा. ओळ त्याच्याबरोबर आहे, वेळेसकट."

हे मला वन्संनी एकदा समजावलं होतं. माणसाच्या कपाळी लिहिलेलं कुणाला वाचता येत नाही, फोटोच्या पोटात लिहिलेलं वाचता येतं. कधी काढला, कुणी काढला, कुणी ओळ घातली, सगळं त्या फाईलच्या पोटात असतं. म्हणून त्यांचा एक नियम. कापलेला फोटो वेगळ्या नावाने ठेवायचा, ओरिजिनलला हात लावायचा नाही. नव्याने आलेल्यांना त्या पहिल्या दिवशी हेच शिकवतात, खुर्ची दाखवायच्या आधी.

साहेबांनी खुर्ची थोडी पुढे घेतली. "समजा, तिघांचाच फोटो त्या जागी ठेवला. त्याच नावाने. मग उघडणाऱ्याला काय दिसेल?"

"तिघं दिसतील. आणि खाली शिडीची ओळ."

"म्हणजे ओळ शिडीने चुकवली."

"त्याने चुकवली नाही, साहेब."

"तो आज इथे, उद्या आणखी कुठे. आपल्या पगारपटावरही नाही. तुमची बावीस वर्षं आहेत. सोमवारी वकील येऊन लायब्ररी बघणार आहेत. किल्ली तुमच्याकडे आहे म्हणून तुम्हाला सांगतोय. मी काही सांगितलेलं नाही."

ऐकून ह्यांनी जेवणाचं ताट सरकवलं. "मग प्रश्न काय आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची. तुला कुणी विचारलंय का? नाही. मग?"

"मुठीत माणूस आहे, दादा."

"होता. आता नाही. तू बोललीस म्हणून तो उठून बसणार आहे? नोकरी जाईल, वर खटला होईल. आणि लोकांनी एकाला मारलं ते तुला सोडतील?"

मीही ह्यांच्याच बाजूने बोलले. इथे खोटं कशाला लिहू. म्हटलं, "वन्सं, देव बघतोय सगळं. त्याला खरं काय ते ठाऊक आहे."

"बघतो ग तो. पण छापत नाही," त्या म्हणाल्या आणि हात धुवायला उठल्या.

शुक्रवारी ऑफिसच्या दारावरून त्यांना वर फोन आला, एक बाई फोटो मागतेय. खाली गेल्या तर इस्पितळातली तीच, बाटलीवाली. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत घडी केलेलं पेपरचं पान. तिने वन्संना ओळखलं. "तुम्ही इथे काम करता होय? तुमचं पेशंट बरं झालं?"

"फोटोचं काय हवंय तुम्हाला?" वन्संनी विचारलं.

"हा पूर्ण पाहिजे. शिडीवाले म्हणाले, यात आणखी एक माणूस आहे. तो दिसला की आमचे हे तिसरे होतात."

"दुरुस्ती छापली होती," वन्सं म्हणाल्या. मला सांगताना हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.

"ही?" बाईने पिशवीच्या तळातून नखाएवढं कात्रण काढलं. "घरमालकाला दाखवली. तो म्हणाला, फोटो केवढा आणि ही केवढी, मोठं असतं तेच खरं. लेकीला शिवणाच्या कारखान्यातून घरी बसवलंय. बाकीच्या बाया म्हणतात, आम्ही हिच्या शेजारच्या मशीनवर बसणार नाही. मेलेल्या माणसाला मी दुरुस्त कशी करू, बाई? पूर्ण फोटो द्या, दारावर लावते." मग तिने पानावरचा फोटो नीट करून विचारलं, "हा कापला कुणी?"

वन्सं म्हणाल्या, "विचारून सांगते."

घरी येऊन चप्पलही न काढता त्यांनी मला हे सांगितलं. "विचारून सांगते म्हणाले मी, वहिनी. कुणाला विचारणार होते?"

मी देवापुढे गेले, बसले, पण त्या संध्याकाळी माझ्याच्याने काही मागवलं नाही. मागून काय होतं ते एकदा पाहिलं होतं.

शनिवारी त्या नेहमीच्या वेळेला ऑफिसात गेल्या. तिघांचा फोटो उघडला, त्याला चौघांच्या फोटोचं नाव दिलं, ठेवायला गेल्या. कॉम्प्युटर अशा वेळी विचारतो: या नावाची फाईल आधीच आहे, ती बदलायची का? खाली दोन चौकोन, हो आणि नाही.

"बोट 'हो'वर होतं," त्या म्हणाल्या. "चार वेळा नेलं, चार वेळा काढलं. शिडीचा विचार करत होते असं म्हणाले तर खोटं होईल. माझ्या खुर्चीचा करत होते. खिडकीतून येणारं ऊन किती वाजता स्क्रीनवर पडतं, पडदा कधी ओढायचा, ते सगळं डोक्यात येत होतं. मग म्हटलं, एकदा ओरिजिनल बघून घेऊ. उघडला. आणि बोट आपसूक डोक्यांवर गेलं. एक, दोन, तीन, चार. त्या दिवशी एवढंच करायचं होतं, वहिनी. चार डोकी मोजायची होती."

त्यांनी 'नाही' दाबलं. ओरिजिनलची एक प्रत कार्डावर घेतली. मग एका कागदावर हाताने तीन वाक्यं लिहिली: ओळ बरोबर होती. फोटो मी कापला. कापल्यावर मोजला नाही. खाली सही, तारीख. तो कागद त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय," साहेब म्हणाले.

"आधीचा दुसऱ्याच्या डोक्यात पडला, साहेब."

"सोमवारपासून येऊ नका. बाकीचं पत्राने कळेल."

बावीस वर्षांचं सामान म्हणजे एक चष्म्याचं घर, एक शाल आणि साबणाची डबी. ते पिशवीत घालून त्या चालत घरी आल्या. दारात शिडी बसला होता. त्याला आधीच कळलं होतं. तो उभा राहिला, काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "बाई, आता माझे फोटो कोण कापणार?" वन्सं म्हणाल्या, "सरळ काढत जा, कापावे लागणार नाहीत." दोघांनाही हसू आलं नाही. शिडी खांद्यावर घेऊन तो गेला. हे त्या रात्री वन्संशी बोलले नाहीत. सकाळी उठून त्यांच्या चपलेचा तुटलेला अंगठा मात्र गुपचूप चिकटवून ठेवला.

आज रविवार. दुपारी आम्ही दोघी कुलूपवाल्याच्या घरी गेलो. मी बरोबर जाणार नव्हते, भीती वाटत होती. मग मनात आलं, त्या माणसाला पेपरात बघून शिक्षा मागायला मला भीती वाटली नव्हती.

एक खोली, जिन्याखाली. भिंतीवर खिळेच खिळे आणि प्रत्येक खिळ्यावर किल्ल्या, लोक करायला टाकून न्यायला विसरलेल्या. लेक कोपऱ्यात शर्टांना बटणं लावत होती, घरबसल्या मिळतं ते काम. बाईने आम्हाला बसा म्हटलं. वन्सं बसल्या नाहीत.

"तुम्ही विचारलं होतंत, कुणी कापला. मी कापला."

लेकीची सुई थांबली. बाई म्हणाली, "का?"

"डावीकडे शिपाई होता. त्याची पाठ होती. फोटो बरा दिसत नव्हता."

"बरा दिसत नव्हता," बाई म्हणाली. रागाने नाही, पाठ करायचं असल्यासारखं. "आणि इस्पितळात तुमचं कोण होतं?"

"कुणी नव्हतं."

लेक उठली, मांडीवरचा शर्ट खाली टाकला आणि बाहेर निघून गेली. जाताना वन्संच्या खांद्याला तिचा धक्का लागला. मुद्दाम होता की नाही सांगता येत नाही. वन्सं हलल्या नाहीत. मला वाटत होतं बाई रडेल, शिव्या देईल, हात उगारेल. मी मनात नाम घेत होते. तिने शर्ट उचलून घडी घातली.

"मला कशाला सांगताय?" ती म्हणाली. "ते कसे होते ते मला ठाऊक होतं. मी काय फोटो बघून ओळखणार होते त्यांना?"

तिने घडी केलेला शर्ट लेकीच्या जागेवर ठेवला.

"नाक्यावर येऊन सांगा. सकाळी दहाला सगळे असतात तिथे. फळवाला असतो, पंक्चरवाला असतो, समोरच्या गाळ्यातले असतात. मारायला तेच होते. अजूनही मान वर करून चालतात, म्हणतात बरं केलं. त्यांना सांगा. तुमच्या तोंडाने सांगा, मी कापला म्हणून."

"येते," वन्सं म्हणाल्या.

"आणि फोटो मोठा आणा. मुंगीएवढा नको."

"मोठा आणते."

ती माफ करते म्हणाली नाही. वन्संनी मागितलीही नाही. निघताना बाईने जिन्याचा दिवा लावला, पायरी तुटलेली आहे म्हणून. एवढंच.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "चौकीत जबाब दे. वकिलाला दे. नाक्यावर कसली जातेस? तीच माणसं आहेत ती, तीच शंभर."

"चौकीत दुपारी जाईन, दादा. फोटो नाक्यावर चुकला, आधी नाका."

"तो चौकीत चुकला. पायऱ्या चौकीच्या होत्या."

"दादा, तू फोटोओळी लिहू नकोस," त्या म्हणाल्या. हे उठून दुसऱ्या खोलीत गेले. थोड्या वेळाने तिथून आवाज आला, "मी येईन बरोबर. लांब उभा राहीन."

वन्संनी कार्ड रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलंय. फोटोचं दुकान नऊला उघडतं. भिंतीवर लावता येईल एवढी प्रत काढायला त्याला अर्धा तास लागतो. ती घेऊन उद्या दहा वाजता वन्संना नाक्यावर जायचं आहे.